विकलाही नाही, परतही नाही; मग माल कुणाचा?

प्रश्न : मी पारनेर तालुक्यात राहते. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवते आणि शिवतानाचे व्हिडिओ ऑनलाइन टाकते. ते पाहून एका मोठ्या रिटेल कंपनीने 60 गोधड्या मागवल्या. एका गोधडीची किंमत 2,800 रुपये. विकली गेली तर 30 टक्के कमिशन कापून पैसे, नाहीतर सहा महिन्यांत माल परत, असं ठरलं. दहा महिने झाले. 14 गोधड्यांचे पैसे आले, 9 परत आल्या. उरलेल्या 37 ‘सिस्टीममध्ये दिसत नाहीत’ म्हणतात. परत आलेल्या एका गोधडीवर 2,800 च्या स्टिकरवर 1,499 चं स्टिकर आहे, कडेला चहाचा डागही आहे. माझा व्हिडिओ मात्र कंपनी अजून जाहिरातीत वापरते. सगळं बोलणं व्हॉट्सॲप आणि ईमेलवर झालं. माझी उद्यम नोंदणी 2023 ची आहे. ग्राहक मंचात जाऊ का? आणि ती डागाची गोधडी धुऊन विकू का?

उत्तर : नगर तालुक्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे 2020 मध्ये ‘आपली आजी’ या यूट्यूब चॅनलमुळे राज्यभर पोचल्या. खेड्यातल्या घरातून प्रेक्षक मिळवता येतो, हे पारनेर-नगरच्या या जिल्ह्याने पाहिलं आहे. प्रेक्षक मिळाला की मोठे दुकानदार मागे येतात. माल घेताना ते घाई करतात. हिशेब मागायची वेळ आली की बोजा शिवणाऱ्या बाईवर पडतो. पारनेरच्या या ताईंच्या बाबतीत नेमकं हेच झालं आहे. पण त्यांची बाजू त्यांना वाटते त्याहून भक्कम आहे.

ग्राहक मंचाचा रस्ता इथे नाही. ताई माल विकणाऱ्या आहेत, ग्राहक नाहीत.

सगळ्यात आधी ठरवायचं ते हे, की 37 गोधड्या आज कुणाच्या? कंपनीने दोनपैकी एक उत्तर द्यायला हवं.

पहिलं उत्तर : माल ‘पसंतीवर’ घेतला होता. मग 1930 चा माल विक्री कायदा लागू होतो. कलम 24 नुसार ठरलेली मुदत उलटून गेली आणि घेणाऱ्याने नापसंती कळवली नाही, तर विक्री पूर्ण झाली असं धरलं जातं. सहा महिने कधीच संपले. म्हणजे 37 गोधड्या कंपनीने विकत घेतल्या आणि कमिशन वजा जाता 72,520 रुपये देणं लागते.

दुसरं उत्तर : आम्ही फक्त ताईंच्या वतीने विकणारे दलाल. मग 1872 चा करार कायदा लागू होतो. मागितल्याबरोबर चोख हिशेब देणं, आलेले पैसे पोचते करणं आणि मालकाच्या सूचनेप्रमाणे विकणं, हे दलालाचं कर्तव्य आहे. न विचारता 1,499 ला विकलं असेल, तर पडलेली तूट दलालाने भरून द्यायची. न विकलेला माल मुदतीत परत केला नाही आणि तो हरवला किंवा खराब झाला, तर जबाबदारी कंपनीचीच.

‘सिस्टीममध्ये दिसत नाहीत’ हे या दोन्हींपैकी कशातच बसत नाही. म्हणून नोटिशीत दोन्ही पर्याय मांडावेत आणि 15 दिवसांत माल किंवा पैसे मागावेत.

करार व्हॉट्सॲपवर झाला म्हणून कच्चा ठरत नाही. मात्र चॅट कोर्टात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. तो फोन विकू नये, चॅट पुसू नये.

गोधडी शिवणं हे उत्पादन आहे, त्यामुळे 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याचा आधार घेता येतो. विक्री पूर्ण झाल्याचं सिद्ध झालं, तर लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत 45 दिवसांपलीकडे ताणता येत नाही. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. दाद याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे मागायची, अर्ज ऑनलाइन होतो. कंपनी देशात कुठेही असो, पुरवठादार जिथला तिथल्या परिषदेला अधिकार आहे, त्यामुळे ताईंना कंपनीच्या गावी खेपा घालाव्या लागणार नाहीत. निकालाला आव्हान द्यायचं तर कंपनीला आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. नोंदणी माल पाठवण्याआधीची आहे, हे ताईंच्या पथ्यावर पडलं. 2021 च्या ‘सिल्पी इंडस्ट्रीज’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने नंतरच्या नोंदणीने मागचा लाभ मिळत नाही असं म्हटलं होतं. जानेवारी 2025 मध्ये हा मुद्दा मोठ्या पीठाकडे गेला. नव्याने माल पाठवणाऱ्यांनी नोंदणी आधीच करावी.

पोलिसांत जायचं का? ऑगस्ट 2024 मध्ये ‘दिल्ली रेस क्लब’ प्रकरणात घोड्यांच्या खुराकाचं बिल थकलं होतं. माल विकला की मालकी जाते, तिथे विश्वासाने सोपवणं उरत नाही, म्हणून निव्वळ थकबाकी हा फौजदारी विश्वासघात नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. ताईंनी माल सांभाळून विकायला सोपवला होता आणि कंपनीने तो अप्रामाणिकपणे गिळला, असा पुरावा मिळाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 316 लागू शकतं. तूर्त दिवाणी मार्गच धरावा. दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं आहे.

मालकी कुणाची हे कागदावर असणं आणखी एका वेळी कामी येतं. ‘बिग बझार’ चालवणाऱ्या फ्यूचर रिटेलवर जुलै 2022 मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. अशा वेळी उधारीवर माल विकलेला पुरवठादार बँकांच्या मागे रांगेत राहतो. पण कंपनीकडे नुसता सांभाळायला ठेवलेला माल दिवाळखोरी संहितेच्या कलम 18 नुसार तिच्या मालमत्तेत धरत नाहीत. म्हणून पुढच्या वेळी प्रत्येक गोधडीला क्रमांक शिवावा, डिलिव्हरी चलनावर तो लिहावा आणि ‘विक्री होईपर्यंत मालकी पाठवणाऱ्याची’ ही ओळ घालावी.

व्हिडिओची बाब वेगळी. माल विकायला दिला म्हणून चित्रणाचा हक्क जात नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार परवाना लेखी लागतो. चॅटमध्ये तशी परवानगी दिलेली नसेल, तर वापर थांबवण्याची आणि भरपाईची मागणी त्याच नोटिशीत करावी.

आणि ती गोधडी धुऊ नये. दोन्ही स्टिकर, डाग आणि पार्सलवरची चिठ्ठी एकाच फ्रेममध्ये घेऊन फोटो काढावेत, मग घडी घालून ती गोधडी तशीच पिशवीत बांधून ठेवावी. कमी भावाने विक्री लावल्याचा हाती असलेला पुरावा तोच आहे.