मसुदे ताडणाऱ्या भाच्यास

पुणे

चि. ओंकार,

जपानी कराराचे दोन मसुदे ताडायला तू पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिलीस आणि तिने पानंच्या पानं लाल केली, हे वाचून हसू आलं. दोष तिचा नाही, पद्धतीचा आहे. युनिक्सवरचं १९७४ चं ‘डिफ’ ओळीला ओळ लावून पाहतं. प्रोग्रामच्या आखूड ओळींना ते सोयीचं. पण तुमच्या करारातला परिच्छेद म्हणजे संगणकाच्या लेखी एकच लांबलचक ओळ. शब्दांवर तोडावं तर जपानीत शब्दांमध्ये जागाच सोडत नाहीत. तेव्हा आधी जपानीतल्या गोल पूर्णविरामावर वाक्यं तोड, जुळलेली बाजूला काढ आणि उरलेल्यांतच अक्षराला अक्षर लाव.

पायथनची डिफलिब लायब्ररी वापरत असशील तर तिच्यातलं ‘ऑटोजंक’ बंद कर. मजकूर २०० किंवा अधिक अक्षरांचा असला की १ टक्क्याहून जास्त वेळा येणारं अक्षर ती फालतू समजून जुळणीतून वगळते. जपानीत ‘नो’ हे अक्षर किती वेळा येतं, हे मी तुला सांगायला नको.

जपानी कळफलकावर ‘२०’ हा आकडा पूर्ण रुंदीचाही उमटतो आणि अर्ध्या रुंदीचाही. एनएफकेसी हे युनिकोडचं एकरूपीकरण लावलंस की दोन्ही एक होतात. मात्र त्याच फटक्यात वर्तुळातला १ सुद्धा साधा १ होतो, आणि कलमांना तसे क्रमांक असले तर घोळ. म्हणून तुलना एकरूप केलेल्या प्रतीवर कर, साहेबांना दाखव मूळ मजकूरच.

फरक कशाला म्हणायचं हा प्रश्न भांडारकर संस्थेतल्या मंडळींनाही चुकला नव्हता. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी १२५९ पोथ्या जमवल्या, आखलेल्या कागदावर एकेका चौकटीत एकेक अक्षर मांडून पाठभेद टिपले. काम संपायला १९६६ उजाडलं. टिपणारे टिपत, कोणता पाठ वर ठेवायचा हे सुखठणकरांसारखे संपादक ठरवत. (गंमत म्हणजे त्या आवृत्तीचा मजकूर संगणकावर चढवला तो तू राहतोस त्याच क्योतोतल्या प्राध्यापक मुनेओ तोकुनागांनी, पुढे केंब्रिजच्या जॉन स्मिथांनी तो सुधारला.) तुझी स्क्रिप्ट टिपणाऱ्यांतली. ठरवायचं काम तिच्यावर सोपवू नकोस.

‘मसुदे ९९ टक्के सारखे’ असला आकडा तर कुणाला देऊच नकोस. जपानी वाक्यात नकार क्रियापदाच्या शेपटाला असतो. ‘सुरु’चं (करणे) ‘शिनाइ’ (न करणे) झालं की टक्केवारी जागची हलत नाही आणि देणेकरी मोकळा सुटतो. नकार, रकमा आणि तारखा बदलल्या असतील तिथे वेगळा रंग दे, बाकीचं मागाहून वाचता येईल.

जपानमधल्या कचेऱ्यांना जुना-नवा मजकूर शेजारी-शेजारी मांडलेला तक्ता सवयीचा आहे. कायदादुरुस्तीलाही तिथे तोच जोडतात. तुझ्या स्क्रिप्टने तसाच काढावा. शेजारी एक रिकामा रकाना मात्र ठेव: हा बदल कोणी वाचला आणि काय ठरलं, ते हाताने लिहायला.

तुझा,
मामा