नळीची कौले

कौल म्हटले की आज मंगलोरी कौलच डोळ्यांपुढे येते. ते कारखान्यात साच्यात दाबून तयार होते. बासेल मिशनने मंगळूरला असा कारखाना १८६५ साली काढला. त्याआधीपासून खेड्यातील घरांवर कुंभाराच्या हातची नळीची कौले असत. कुंभार चाकावर एका टोकाला निमुळती अशी नळी ओढतो, ओली असतानाच तिला उभ्या चिरा देतो आणि सुकल्यावर तिचे दोन भाग करून भट्टीत भाजतो.

गेल्या उन्हाळ्यात आमचे घर दुरुस्तीस काढले, तेव्हा ही कौले बसवण्याची रीत मी वडिलांच्या हाताखाली शिकलो. खालची ओळ उताणी घालावयाची, तिचे निमुळते टोक उताराकडे. दोन उताण्या ओळींमधल्या फटीवर पालथी ओळ, तिचे रुंद टोक उताराकडे. म्हणजे वरच्या कौलाचे पाणी खालच्या कौलावरच पडते, सांध्यात शिरत नाही. खिळा नाही, चुना नाही. कौल आपल्या वजनानेच बसते. म्हणूनच ते माकडांनी हलते व दरवर्षी पावसाळ्यापूर्वी कौले परतावी लागतात. मात्र याच फटींतून चुलीचा धूर बाहेर पडतो.

आमच्या गावात आता ही कौले घडवणारे कोणी उरले नाही. जुन्यांपैकी धड निघालेली एका पाख्याला पुरली. दुसऱ्यावर मंगलोरी आली. वडील शाळेत गेलेले नाहीत. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. तरी हे ज्ञान मला कोणत्याही पुस्तकात मिळाले नसते. विद्यार्थी मित्रांनी आपापल्या घरच्या जाणत्यांकडून अशी माहिती वेळीच लिहून घ्यावी, एवढेच सुचवावेसे वाटते.