सायकलीच्या हँडलाची परीक्षा व निगा

'सायकलींचे शहर' अशी पुण्याची एके काळी ख्याती होती. पेठांतून तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने असत आणि शाळा, कचेरी, कारखाना येथे जाणारे बहुसंख्य लोक सायकलीवरूनच जात. पुढे स्वयंचलित दुचाकींनी ती जागा घेतली. तथापि राज्याच्या मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतील गरजू विद्यार्थिनींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात. ग्रामीण भागात शाळेचे अंतर कापण्याचे ते आजही एक मोठे साधन आहे. म्हणून सायकलीची निगा हा कार्यानुभवाच्या तासाला योग्य असा विषय होय. प्रस्तुत पाठ तिच्या एकाच, परंतु बहुधा दुर्लक्षित राहणाऱ्या भागाविषयी आहे.

रचना. पुढचे चाक ज्यात बसते तो चिमटा. त्याची नळी सांगाड्याच्या पुढील उभ्या नळीतून वर येते. या उभ्या नळीच्या दोन्ही टोकांना वाट्या व कोन असून त्यांच्यामध्ये पोलादी छर्रे असतात. छर्ऱ्यांमुळे हँडल अल्प घर्षणाने फिरते. सर्वांत वर चेकनट असतो. तो खालच्या आट्यांच्या भागाला जागेवर घट्ट ठेवतो.

झीज का होते? चाकाच्या आसाजवळचे छर्रे सतत गोल फिरतात, त्यामुळे त्यांची झीज सर्वत्र सारखी वाटली जाते. हँडल मात्र बहुतेक वेळ सरळच असते. छर्रे एकाच जागी किंचित मागेपुढे हलतात, तेथील ग्रीस बाजूला सरते आणि खाचखळग्यांचे धक्के त्याच जागी बसतात. परिणामी वाटीत बारीक खळगे पडतात. धक्का चिमट्यातून प्रथम खालच्या वाटीला पोहोचतो व चिखलपाणीही तेथेच उडते; म्हणून खालची वाटी आधी झिजते.

परीक्षा. पुढील दोन प्रयोग विद्यार्थ्यांकडून करून घ्यावेत.

१. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवावी. दुसऱ्या विद्यार्थ्याने वाटी व कोन यांच्या सांध्यावर बोट ठेवावे. बोटाला हालचाल जाणवल्यास तेथे ढिलेपणा आहे. सांधा स्थिर असूनही खटखट होत असेल, तर दोष ब्रेकात किंवा चाकाच्या आसात शोधावा.

२. पुढचे चाक जमिनीवरून उचलून हँडल सावकाश फिरवावे. ते मध्यभागी अडकून 'खट्' असे बसत असेल, तर खळगे पडले आहेत असे समजावे. सर्वत्र जड फिरत असेल, तर ते फार आवळलेले आहे किंवा आतील ग्रीस वाळले आहे.

हा दोष क्षुल्लक मानू नये. स्वार हँडलाच्या सूक्ष्म हालचालींनी सतत तोल सावरीत असतो. हँडल मध्येच अडकले, तर सायकल नागमोडी जाते. ढिले असले, तर ब्रेक दाबताच पुढचा भाग थरथरतो. वाहनांच्या वर्दळीत अशा सायकलीवरील मूल सुरक्षित नसते.

उपाय. केवळ ढिलेपणा असल्यास चेकनट सैल करावा. खालचा आट्यांचा भाग हाताने टेकेपर्यंत फिरवून सुमारे अष्टमांश फेरा मागे घ्यावा. मग तो एका पान्याने धरून दुसऱ्या पान्याने चेकनट आवळावा. आवळताना मेळ थोडा बदलतो, म्हणून दोन्ही परीक्षा पुन्हा कराव्यात. ढिलेपणा नाही आणि हँडल स्वतःच्या भाराने दोन्हीकडे सहज वळते, हीच योग्य स्थिती.

हँडल अडकत असल्यास आवळून उपयोग नाही. ढिले करून तर मुळीच नाही. चिमटा उतरवावा लागतो. त्यापूर्वी खाली फडके अंथरावे, कारण छर्रे ओघळतात. वरचे व खालचे छर्रे वेगळे ठेवून मोजावेत. सर्व भाग रॉकेलने धुऊन पुसावेत. रॉकेल हाताळताना जवळ दिवा अथवा विस्तव नसावा. वाटीवरून नख फिरवावे. नख अडखळले, तर वाट्या, कोन व छर्रे एकदमच बदलावेत. जुन्या वाटीत नवे छर्रे घातल्याने खळगा भरून येत नाही. भाग गुळगुळीत असल्यास नवे ग्रीस लावून पूर्वीइतकेच छर्रे परत बसवावेत. वाट्या ठोकून बसविण्याचे काम मात्र जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. त्या वेळी विद्यार्थ्यांनी जवळ उभे राहून निरीक्षण करावे.

शिक्षकांसाठी. दर पावसाळ्यानंतर शाळेत येणाऱ्या सर्व सायकलींची अशी परीक्षा घेऊन नोंद ठेवावी. सदोष सायकलीच्या पालकांना त्याच दिवशी कळवावे. दोष शोधण्यापूर्वी पाना उचलू नये, ही सवय विद्यार्थ्यांना लागली, तर हा पाठ सायकलीपुरता मर्यादित राहणार नाही.