सामाईक पार्किंगमधली मोटारसायकल

खानदेशातील शहरांची वस्ती वाड्यांतून व बैठ्या घरांतून निघून बहुमजली इमारतींत जाऊन राहिली, तेव्हा दुचाकीच्या राखणीचा प्रश्नही, कोणाच्या फारसा ध्यानी न येता, उंबऱ्याच्या आतून निघून इमारतीच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत येऊन पडला. वाड्यात गाडी देवडीत लागे, दिंडीदरवाजाला रात्री अडसर पडे आणि ओसरीवर निजलेल्या माणसाला ओलांडल्यावाचून ती बाहेर काढणे कोणास शक्य नसे. जळगावच्या रिंग रोडच्या आसपास किंवा धुळ्याच्या देवपुरात आज ज्या इमारती उभ्या आहेत, त्यांचा तळमजला मात्र नुसत्या खांबांचा असतो आणि तेथे दिवसभर दूधवाला, गॅसवाला, पार्सल पोचविणारा, कोणाचा पाहुणा व कोणाचा भाडेकरू अशा अनेकांची ये-जा निर्वेधपणे चालते. कायद्याच्या दृष्टीनेही ही जागा एकट्याची नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद खटल्यात २०१० साली असा निर्वाळा दिला की खांबांखालचे असे पार्किंग बांधणाऱ्यास स्वतंत्रपणे विकता येत नाही, ते सर्व सदनिकाधारकांच्या सामाईक मालकीचे असते. निर्णय न्याय्यच आहे. परंतु सामाईक मालकीबरोबर सामाईक राखणीची तजवीज बहुतेक इमारतींत कोणी केलेली नाही, आणि चोराला नेमके तेच ठाऊक असते.

वैशाखातील एका रात्री आमच्या इमारतीतून दोन मोटारसायकली गेल्या. एक माझी, शंभर सीसीची, धुळ्यास नोकरीत असताना घेतलेली आणि म्हणून एमएच १८ या मालिकेची. दुसरी वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांची, पुष्कळच नवी. दोन्ही गाड्यांचे हँडल लॉक केलेले होते, फाटक लोटलेले होते, शेजारच्या इमारतीसह आमची राखण करणारा एक पहारेकरीही नेमलेला होता आणि छताला कॅमेरा होता. कॅमेऱ्यात जे दिसले ते असे की दोन माणसे डोक्यावर हेल्मेट घालून, आपल्याच घरी आल्यासारखी सावकाश चालत आत आली, गाड्यांपाशी थोडा वेळ वाकली आणि इंजिन सुरू न करता, हाताने लोटत, एकामागून एक गाड्या उतरणीवरून रस्त्यावर घेऊन गेली. तिसऱ्या प्रहरी पारा पंचेचाळिसाला टेकणाऱ्या त्या दिवसांत जळगावात रात्रभर घरोघरी कूलर घरघरत असतात आणि ज्यांना कूलर सोसत नाही ते गच्चीवर निजतात. त्यामुळे तळमजल्यावर कुलूप मोडल्याचा आवाज ऐकावयास कोणाचा कान मोकळा नव्हता. सकाळी माझ्या जागेवर तेलाचा एक जुना डाग होता आणि त्याच्याशेजारी हँडल लॉकच्या ओतीव कवचाचा करंगळीच्या पेराएवढा तुकडा, मोडल्या कडेला अजून चकाकत असलेला.

त्या तुकड्याने मला जे शिकविले ते आधी सांगतो. हँडल लॉक म्हणजे किल्ली फिरवताच पुढे सरणारी एक लहानशी पोलादी खुंटी. ती हँडलच्या मानेतील खाचेत बसते, एवढेच तिचे बळ. हँडलची दांडी लांब, खुंटी आखूड, आणि तिला धरून ठेवणारे कवच ओतीव; तरफेचा नियम शाळेत शिकलेल्या कोणासही कळेल की येथे जय कोणाचा व्हावयाचा. कंपनी कोणतीही असो, हे कुलूप शेजारच्या पोराने गाडी हलवू नये इतक्यापुरतेच समजावे. शिवाय साधी प्रवासी मोटारसायकल सव्वाशे किलोंच्या आतबाहेर भरते, म्हणजे दोन धट्ट्याकट्ट्या माणसांना ती उचलून टेम्पोत घालणे मुळीच अवघड नाही. तेव्हा नुसती गाडी कुलूपबंद करून भागत नाही, ती जागेला जखडावी लागते.

हे जखडणे कसे करावे याचा मी जाणकारांना विचारून, निरनिराळ्या मेकॅनिकांच्या ओट्यांवर बसून, पुष्कळ शोध घेतला. साखळी टणक केलेल्या पोलादाची, जाड कड्यांची असावी व ती पुढच्या चाकातून नव्हे, तर मागच्या चाकासह गाडीच्या सांगाड्यातून घालावी, कारण चाक काढून ठेवून उरलेली गाडी नेता येते. तिचे दुसरे टोक फरशीतील काँक्रीटमध्ये रुतविलेल्या कडीत अडकवावे. अशी कडी बसविण्यास सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी, आणि इमारतीचा भार वाहणाऱ्या खांबाला भोक पाडून ती कदापि बसवू नये. खांबाभोवती फेरा घेण्याइतकी लांब साखळी मिळाली तर उत्तमच. साखळी जमिनीवर लोळत ठेवण्याची जी सर्वसाधारण चाल आहे ती घातक होय: जमिनीवर पडलेल्या कड्यावर कटरचा एक दांडा टेकवून दुसऱ्यावर शरीराचा सारा भार देता येतो, किंवा फरशीच्या ऐरणीवर हातोडा चालविता येतो. ती ताणून, अधांतरी राहील अशी बांधावी आणि कुलूप भिंतीकडे वळवून ठेवावे. पुढे डिस्क ब्रेक असल्यास त्याला वाजणारे डिस्क लॉक लावावे. त्याचा कर्णा कूलरच्या घरघरीवरही उठतो. इंजिनाचा वीजपुरवठा तोडणारे छुपे बटण विश्वासातल्या मेकॅनिककडून बसवून घेता येते, परंतु लोटून नेणाऱ्याला ते अडवीत नाही. त्याचा उपयोग इतकाच की चोर गाडीवर स्वार होऊन पळू शकत नाही.

जीपीएस यंत्राविषयी लोकांच्या अपेक्षा फार मोठ्या असतात. उपग्रहाचे क्षीण संकेत काँक्रीटच्या स्लॅबमधून नीट पोचत नाहीत, त्यामुळे तळघरात उभी असलेली गाडी यंत्राच्या लेखी कित्येकदा आपल्या शेवटच्या मोकळ्या ठिकाणीच असते. ती रस्त्यावर येताच यंत्र पुन्हा बोलू लागते. म्हणून त्याची गणना प्रतिबंधात नव्हे, शोधात करावी, आणि गाडीच्या बॅटरीची तार तोडल्यावरही काही तास चालेल अशी स्वतःची बॅटरी ज्यात असेल तेच घ्यावे.

आता सोसायटीकडे वळतो, कारण एकट्याच्या साखळीपेक्षा चौघांची नजर मोठी असते, असे मी अनुभवाअंती मानतो. आमच्या कॅमेऱ्याने चोरांची हेल्मेटे उत्तम टिपली होती, चेहरा एकही नाही. कॅमेरे छताला टांगण्याची जी रूढी पडली आहे तिचे हे फळ. एक कॅमेरा तरी फाटकाशी, माणसाच्या छातीच्या उंचीवर, येणाऱ्याचे तोंड व जाणाऱ्या गाडीचा क्रमांक दिसेल असा लावला पाहिजे, आणि त्याच्या यंत्रातील घड्याळ बरोबर आहे ना हे कोणीतरी अधूनमधून पाहिले पाहिजे. हे चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाऊन त्यावर नवे चढते, तेव्हा चोरी कळताच त्याची प्रत काढून ठेवावी. न्यायालयात ती दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते, म्हणून प्रत कोणी, केव्हा व कोणत्या यंत्रावरून काढली याचे टिपण त्याच वेळी करावे. याहून स्वस्त आणि माझ्या मते याहून गुणकारी उपाय म्हणजे प्रत्येक गाडीला ठरलेली जागा व त्या जागेचा क्रमांक: अमक्याच्या जागी परकी गाडी उभी आहे, किंवा अमक्याची गाडी परका माणूस काढतो आहे, हे मग तळमजल्यावर खेळणाऱ्या पोरांनाही कळते. आमच्याकडे चोरीनंतर हे झाले, आणि एखाद्या अनोळखी माणसाला “कोणाकडे आलात, भाऊ?” असे विचारण्याचा जो संकोच आम्हा सुशिक्षितांत मुरला होता तोही गेला.

फिर्यादीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण याच ठिकाणी सज्जन माणसे गोंधळतात. हरवलेल्या वस्तूंची ऑनलाइन नोंद करून जो दाखला मिळतो तो चोरीची फिर्याद नव्हे. मोटारसायकल हरवत नसते, ती चोरीस जाते, आणि त्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली गुन्हाच दाखल व्हावयास हवा. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ अन्वये हद्दीचा प्रश्न आड न येता कोणत्याही ठाण्यात खबर देता येते, इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिल्यास तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते, आणि पहिल्या खबरीची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळते. ठाणे अंमलदाराने खबर नोंदविण्यास नकार दिला तर तीच लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे धाडता येते. ठाण्यात जाताना चेसिस व इंजिन क्रमांक हाताशी असावेत. नोंदणी पुस्तकाचे अस्सल कागद गाडीच्या डिकीत ठेवण्याचे आता प्रयोजन उरलेले नाही, २०१८ पासून डिजिलॉकरमधील प्रत ग्राह्य धरतात. डिकीत अस्सल कागद ठेवणे म्हणजे चोराला विक्रीखत लिहून देणे होय.

गाडीच्या अंगावरील खुणांचे छायाचित्र काढून ठेवा, असे जे मी आज भेटेल त्याला सांगतो, त्याचे कारण शिरपूर तालुक्यातून पोलिसांनी हस्तगत केलेल्या मुद्देमालात आहे. खानदेशचा भूगोलच असा की जळगावहून रावेरमार्गे बऱ्हाणपूर, किंवा धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूर ओलांडून बिजासनीच्या घाटाने सेंधवा, म्हणजे मध्य प्रदेशचा मुलूख, रात्र संपण्यापूर्वी गाठता येतो; आणि शंभर सीसीच्या गाडीचे सुटे भाग प्रत्येक आठवडे बाजाराच्या गावी मिळत असल्याने तिला गिऱ्हाईक कोठेही सापडते. “कागद नंतर देतो” असे म्हणून ती निम्म्याहून कमी किमतीत विकली जाते, आणि घेणारा बहुधा गरजू शेतमजूर किंवा शिकणारा मुलगा असतो, ज्याचे पैसेही बुडतात व चोरीचा माल बाळगल्याचा ठपकाही येतो. अशा खरेदीच्या मोहात पडणाऱ्यांना आपण गावोगावी समजावले, तर चोरीचे मूळच सुकेल, असे मला मनापासून वाटते.

तो मुद्देमाल ठेवलेल्या ठाण्याच्या आवारात धुळीने माखलेल्या दुचाकींची रांग उभी होती, प्रत्येकीच्या टाकीवर खडूने अनुक्रमांक घातलेला. माझ्या गाडीवर दुसऱ्याच जिल्ह्याची पाटी होती, टाकीवरची चित्रपट्टी खरवडलेली होती, मानेवरचा चेसिस क्रमांक कानशीने घासून सपाट केला होता. माझ्याबरोबर देवपुरातले एक म्हातारे मेकॅनिक आले होते, ज्यांच्याकडे माझ्या नोकरीच्या काळात गाडी नेहमी जाई. ते खाली उकिडवे बसले, मधल्या स्टँडच्या डाव्या पायावरचा चिखल त्यांनी अंगठ्याने पुसला, आणि काळ्या रंगाखालून पितळेच्या झाळेची पिवळी रेघ वर आली. पूर्वी एकदा धान्याच्या पोत्याच्या ओझ्याने तो पाय मोडला असता त्यांनीच तो सांधला होता. “भाऊ, हाई झाळ मनीच शे,” ते म्हणाले. हवालदारांनी पंचांसमक्ष ती खूण पंचनाम्यात लिहून घेतली. घासलेला क्रमांक रसायनाने पुन्हा उठविता येतो हे खरे, कारण ठोकलेल्या अंकाखालचा धातूही दाबला गेलेला असतो. तथापि त्या परीक्षेला वेळ लागतो, आणि स्टँडवरची झाळ, बदललेला नट, सीटखाली पक्क्या शाईने लिहिलेले नाव यांचा दाखला हातोहात मिळतो.

ओळख पटली म्हणजे गाडी लगेच घरी आणता येते असे नव्हे. ती मुद्देमाल असते. तिचा ताबा न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हुकमाने, सुपूर्दनाम्यावर मिळतो. अर्ज आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ खाली करावयाचा, सोबत नोंदणीचे व विम्याचे दस्तऐवज जोडावयाचे, आणि खटला चालू असेतो गाडी विकणार नाही, तिचे रूप पालटणार नाही, बोलावल्यास हजर करीन असा बंधपत्रावर करार लिहून द्यावयाचा. जप्त वाहने ठाण्यांच्या आवारात वर्षानुवर्षे गंजत ठेवण्यात काही अर्थ नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणी १ ऑक्टोबर २००२ रोजीच बजावले आहे. अर्जात या निकालाचा उल्लेख वकिलास आवर्जून करावयास सांगावा.

शेजाऱ्यांची गाडी मिळाली नाही, आणि त्यांचे दुःख माझ्यापेक्षा मोठे ठरले. त्यांच्यापाशी पाच वर्षांचा विमा होता, मुदत शिल्लक होती, म्हणून ते निश्चिंत होते. कागद उघडून पाहता ती पाच वर्षे केवळ थर्ड पार्टीची निघाली. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, पण चोरीची भरपाई ज्यातून मिळते तो ओन डॅमेजचा भाग पुष्कळदा पहिल्या वर्षापुरताच असतो आणि नंतर दरवर्षी आठवणीने नूतन करावा लागतो. तो चालू असता, तर दोन ते तीन वर्षांच्या गाडीस मूळ किमतीतून ३० टक्के घसारा वजा जाता उरलेली रक्कम धरून दावा करता आला असता. त्यासाठी विमा कंपनीस ताबडतोब लेखी कळविणे, दोन्ही किल्ल्या हजर करणे, आणि तपास लागला नाही म्हणजे न्यायालयाने मंजूर केलेली ‘अ’ समरी मिळविणे, इतके सोपस्कार आहेत. पोलिसांत खबर वेळीच दिली असेल, तर कंपनीस कळविण्यात झालेल्या विलंबाच्या एकट्या कारणावरून दावा फेटाळता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा गुरशिंदर सिंग प्रकरणातील २४ जानेवारी २०२० चा निकाल आहे. पुढच्या सभेत आम्ही सोसायटीच्या फलकावर प्रत्येक गाडीच्या जागेच्या क्रमांकापुढे एक रकाना वाढविला, त्यात ओन डॅमेज विम्याची मुदत कोणत्या तारखेस संपते ते लिहिलेले असते, आणि मुदत जवळ आली की सचिव त्या घरी जाऊन स्वतः सांगून येतात.