रोजकीर्द, खतावणी आणि संगणकाचीं पानें



आपलें हिंगणघाट हें कापसाच्या व्यापाराचें जुनें गांव. हंगामांत कोणत्या गांवची गाडी केव्हां येईल याचा नेम नसतो. जी येईल तिचें वजन करून मुनीम तें वहीच्या पुढल्या ओळींत टिपून घेतो. अशा तारीखवार वहीस रोजकीर्द म्हणतात. परंतु एखादा शेतकरी आपला हिशेब मागूं लागला, तर त्याच्यापुढें सबंध रोजकीर्द उलगडून भागत नाहीं. त्याच्या नांवच्या तेवढ्या नोंदी निवडून एका पानावर आणाव्या लागतात. या कामास खतावणी म्हणतात.

ही रीत फार दूरवर पसरलेली आहे. इटलींतील लुका पाचोली नांवाच्या फ्रान्सिस्कन संन्याशानें १४९४ सालीं व्हेनिस येथें छापविलेल्या गणिताच्या ग्रंथांत, दिवसाच्या नोंदी एका वहींत लिहून त्या दुसऱ्या वहींत खातेवार कशा उतराव्या, हें सांगितलें आहे. आपल्या घरांतही तिचें उदाहरण सांपडेल. सातबाराचा उतारा जमिनीच्या क्रमांकाप्रमाणें असतो. आठ-अ चा उतारा खातेदाराप्रमाणें असतो. माहिती तीच, वांटणी मात्र निराळी.

आतां हें काम संगणक करितो. एक्सेलच्या तक्त्यांत गांवाचा एक स्तंभ असला, म्हणजे त्यांतील नांवाप्रमाणें ओळी निवडून प्रत्येक गांवाचें वेगळें पान करितां येतें. लहान तक्ता असेल तर 'फिल्टर' लावून एकेका गांवाच्या ओळी नव्या पानावर उतरून घ्याव्या. मोठा असेल तर 'पिव्होट टेबल' करून गांवाचा स्तंभ 'फिल्टर'च्या कप्प्यांत ठेवावा आणि 'शो रिपोर्ट फिल्टर पेजेस' ही आज्ञा द्यावी. दर गांवाचें गोषवाऱ्याचें एकेक पान क्षणांत तयार होतें.

येथवर सर्व सोपें आहे. परंतु खरी परीक्षा पुढेंच आहे. समजा, एका दिवशीं सहा गाड्या आल्या: वडनेर १२ क्विंटल, अल्लीपूर ९, वडनेर ८, पोहणा १५, अल्लीपूर ११ आणि वडणेर ५. एकूण ६० क्विंटल. आम्हीं तीन गांवांचीं पानें उघडलीं: वडनेर २०, अल्लीपूर २०, पोहणा १५. बेरीज ५५! मग ५ क्विंटल गेले कोठें? शेवटच्या ओळींत 'न'च्या जागीं 'ण' पडला होता. मुनिमानें तो पाहून न पाहिल्यासारखा केला असता, कारण त्याला माणूस ठाऊक असतो. संगणकास केवळ अक्षर ठाऊक. त्यानें 'वडणेर' हें चौथें गांव मानलें, आणि आम्हीं तें पान उघडलेंच नाहीं. नांवापुढें एक रिकामी जागा अधिक पडली तरी असाच घोटाळा होऊं शकतो. आमच्या लेखीं ती एका अक्षराची चूक. पण ज्याची ती गाडी होती त्याच्या लेखीं ते वर्षाचे कष्ट होत.

म्हणून चार नियम लक्षांत ठेवावे. पहिला, मूळ तक्ता अखंड ठेवावा. दुसरा, पानें पाडण्यापूर्वीं तो स्तंभ अकारविल्हे लावून सर्व नांवें डोळ्यांखालून घालावीं. तिसरा, सर्व पानांची बेरीज मूळ बेरजेशीं ताडून पहावी. चौथा, मागाहून चूक सांपडली तर ती मूळ तक्त्यांत सुधारून पानें पुन्हां करावीं. केवळ एका पानांत सुधारल्यास दोन हिशेब होतात आणि खरा कोणता हें कोणासच सांगतां येत नाहीं. हे नियम न पाळल्यास 'एक ना धड, भाराभर चिंध्या' अशी गत व्हावयाची.

आमच्या पालकबंधुभगिनींसही एक विनंति आहे. मुलाचें नांव, आडनांव आणि गांव शाळेच्या प्रत्येक अर्जांत एकाच रीतीनें लिहीत जावें. शिष्यवृत्तीची यादी असो कीं परीक्षेची, ती आतां बहुधा संगणकच वेगळी करितो.

शुभवर्तमानांतील दृष्टान्तांत धनी परत येतो, तेव्हां तो तिघांही दासांचा हिशेब निरनिराळा घेतो; ज्याला थोडें दिलें होतें त्यालाही वगळीत नाहीं. आमच्या हातून होणाऱ्या वांटणींतही कोणी वगळला जाऊं नये, एवढेंच या धड्याचें सार आहे.