महाजालावरील सुरक्षितता : ब्राउझरमधील काही आवश्यक बदल

तापीच्या खोऱ्यातून भुसावळहून सुरतेकडे जाणाऱ्या लोहमार्गाने खानदेशातील असंख्य कुटुंबे उदरनिर्वाहासाठी सुरतेत येऊन स्थायिक झाली. लिंबायत, उधना, दिंडोली या भागांत मराठी भाषकांची मोठी वस्ती असून त्यांपैकी अनेकांची उपजीविका कापडउद्योगावर चालते. गावाकडील शेतीशी या कुटुंबांचे नाते मात्र तुटलेले नाही. महाराष्ट्रातील डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून महाजालावर मिळू लागल्याने त्याच्या उताऱ्यासाठी गावी खेप घालण्याची गरज उरलेली नाही. रेल्वेचे आरक्षण, परीक्षेचा निकाल, विजेचे बिल ही कामेही मोबाइलवरच होतात.

ही सारी कामे ज्या साधनाद्वारे होतात, ते साधन म्हणजे ब्राउझर होय. श्रमिकांच्या घरात पुष्कळदा एकच मोबाइल सर्वजण वापरतात. वडील त्यावर बिल भरतात, मुलगी अभ्यास करते, धाकटा मुलगा खेळ पाहतो. त्यामुळे एकाने अजाणता दिलेली परवानगी साऱ्या घराच्या मिळकतीला बाधू शकते. नवा मोबाइल हाती येतो, तेव्हा ब्राउझरची मांडणी कंपनीने आधीच ठरविलेली असते. ती आपल्या गरजेनुसार तपासून घेणे हे प्रत्येक नागरिकाच्या हिताचे आहे. क्रोम या ब्राउझरमध्ये कोपऱ्यातील तीन ठिपक्यांवर बोट ठेवले असता ‘सेटिंग्ज’ हा विभाग उघडतो. पुढील बदल तेथेच करावयाचे असतात.

सूचना पाठविण्याची परवानगी

काही संकेतस्थळे उघडताच ‘सूचना पाठवू का?’ असे विचारतात. घाईत होकार दिला जातो आणि नंतर मोबाइल बंद-चालू केला तरी ‘आपल्या यंत्रात विषाणू शिरला आहे’, ‘आपणास बक्षीस लागले आहे’ असे खोटे संदेश येत राहतात. हा मोबाइलचा बिघाड नसून आपणच दिलेल्या परवानगीचा परिणाम असतो. ‘साइट सेटिंग्ज’मधील सूचनांच्या यादीतून अनोळखी नावे काढून टाकावीत आणि नव्या संकेतस्थळांना अशी विचारणा करू देऊ नये. कॅमेरा, मायक्रोफोन व ठिकाण यांच्या परवानग्याही याच ठिकाणी तपासाव्यात. सातबारा दाखविणाऱ्या पानाला मायक्रोफोनची गरज नसते, एवढा साधा विचार येथे पुरेसा आहे.

सुरक्षित जोडणी आणि पत्ता

‘नेहमी सुरक्षित जोडणी वापरा’ या अर्थाचा पर्याय चालू ठेवावा. त्यामुळे यंत्र आणि संकेतस्थळ यांमधील मजकूर वाटेत कोणास वाचता येत नाही. तथापि जोडणी सुरक्षित असली म्हणजे संकेतस्थळाचा मालक प्रामाणिक आहे, असे सिद्ध होत नाही. कुलपाच्या चिन्हावरून लोकांचा असाच गैरसमज होत असल्याने क्रोमने २०२३ साली ते चिन्ह बदलले. म्हणून पत्ता स्वतः वाचावा. महाराष्ट्रातील भूमी अभिलेखांच्या संकेतस्थळाचे नाव ‘महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन’ असे संपते. ‘जीओव्ही डॉट इन’ ही अक्षरे मध्येच कोठेतरी असणे पुरेसे नाही. पहिल्या तिरप्या रेषेपूर्वी अगदी शेवटी तीच असावयास हवीत.

‘सुरक्षित ब्राउझिंग’ हा पर्यायही चालू ठेवावा. फसव्या म्हणून ज्ञात असलेल्या पानावर पाऊल पडण्यापूर्वी तो लाल पडदा दाखवून सावध करतो. त्यातील अधिक संरक्षणाचा प्रकार निवडल्यास भेट दिलेल्या पानांची माहिती कंपनीकडे जाते, हे जाणून मगच निवड करावी.

कुकी म्हणजे काय?

संकेतस्थळ आपल्या यंत्रात जी लहानशी नोंद ठेवते, तिला कुकी म्हणतात. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी ही पद्धत योजिली. ग्राहकाने टोपलीत काय घातले, याचे स्मरण राहावे हा तिचा एक हेतू होता. पुढे जाहिरातदारांनी तिचा उपयोग वापरणाऱ्याच्या मागावर राहण्यासाठी केला. अशा तिऱ्हाइतांच्या कुकी सफारीने २०२० साली पूर्णतः अडविल्या. क्रोममध्ये मात्र नेहमीच्या वापरात हा निर्णय वापरणाऱ्यावरच सोपविलेला आहे. तो पर्याय शोधून त्या कुकी बंद कराव्यात. एखादे उपयुक्त पान त्यामुळे नीट न उघडल्यास तेवढ्यापुरती सवलत देता येते.

सामाईक यंत्र आणि पासवर्ड

सायबर कॅफेत, कार्यालयात किंवा दुसऱ्याच्या मोबाइलवर ‘पासवर्ड जतन करू का?’ या प्रश्नास नकारच द्यावा. तेथे खाजगी खिडकी उघडावी व काम संपताच खात्यातून बाहेर पडून ती बंद करावी. खाजगी खिडकी केवळ त्या यंत्रावरील इतिहास पुसते. फसव्या पानापासून ती वाचवीत नाही. स्वतःच्या मोबाइलवर पासवर्ड जतन केले असल्यास पडद्याला कुलूप असणे अत्यावश्यक आहे. ब्राउझरची नवी आवृत्ती येताच ती घ्यावी, कारण जुन्या आवृत्तीतील उघडकीस आलेल्या उणिवा तीत दुरुस्त केलेल्या असतात.

मांडणीपलीकडील दक्षता

एवढी काळजी घेऊनही, आपणच कोणास ओटीपी सांगितला तर कोणतीही मांडणी उपयोगी पडत नाही. पैसे गेल्याचे लक्षात येताच संकोच न करता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर व आपल्या बँकेस कळवावे. वेळ जितका कमी गेलेला असेल, तितकी रक्कम पुढे जाण्यापूर्वी थोपविण्याची शक्यता अधिक असते.

शिक्षकांनी पालकसभेत आणि ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांनी ग्रामसभेत अर्धा तास काढून हे बदल प्रत्यक्ष करून दाखविल्यास त्याचा लाभ घरोघरी पोहोचेल. शाळेत शिकलेली मुलगी रात्री वडिलांच्या मोबाइलमधील परवानग्यांची यादी तपासून देऊ शकेल. यंत्रमागावर पाळ्या करून मिळविलेली मजुरी सुखरूप गावी पोहोचण्यासाठी एवढे श्रम निश्चितच सार्थकी लागतील.