एक ताट वॉचमनच्या केबिनमध्येही

आईबाबांनो, संडे स्कूल सुटल्यावर तुमच्यापैकी कोणी ना कोणी मला थांबवून विचारतंच. मुलगा प्रार्थनेला बसत नाही. मुलगी चर्चला यायचं म्हटलं की कुरकुरते, अभ्यासाचं निमित्त काढते. काय करावं? ठाण्यातल्या कोपरीहून स्टेशनचा पूल ओलांडून रविवारी सकाळी मुलांना घेऊन येताना तुमची किती ओढाताण होते, ते मला दिसतं. दारात उभ्याउभ्या उत्तर द्यायचा हा प्रश्न नाही, म्हणून आज जरा सविस्तर बोलते.

तुमच्या मुलांना पाठांतर चांगलं आहे. दहा आज्ञा येतात, प्रभूची प्रार्थना येते. दयाळू शोमरोन्याची गोष्ट तर न अडखळता सांगतात. यरुशलेमहून यरीहोला निघालेला वाटसरू लुटारूंच्या तावडीत सापडला. याजक त्याला बघून दुसऱ्या बाजूने निघून गेला, लेवीही गेला, आणि ज्याच्याशी यहुदी लोक संबंध ठेवत नसत तो शोमरोनी मात्र थांबला. बहुतेक मुलं इथेच गोष्ट संपवतात. लूकच्या शुभवर्तमानात ती पुढे जाते, आणि मला तो पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. शोमरोन्याने त्याच्या जखमा बांधल्या, त्यांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, त्याला स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, तिथे त्याची काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दिनार दिले. एक दिनार म्हणजे मजुराची दिवसभराची मजुरी. वर सांगून गेला की आणखी खर्च झाला तर परत येताना देईन. म्हणजे त्याचा वेळ गेला, पैसा गेला, आणि परत यायची जबाबदारीही त्याने अंगावर घेतली. दयेला खर्च येतो हे आपण मुलांना दाखवतच नाही. सिग्नलला काच खाली करून नाणं दिलं की आपल्या लेखी दया संपते.

आपल्या कोपरीने अशी वाट डोळ्यांनी पाहिली आहे. 2020 च्या एप्रिल-मेमध्ये टाळेबंदीत काम गेलेले मजूर मुंबईहून नाशिकच्या दिशेने पायी निघाले होते. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरून ठाण्यातून पुढे जाणारी ती माणसं, डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरं. रस्त्याकडेला उभं राहून त्यांना पाणी, केळी, बिस्किटं देणारे लोक होते. आजारपणाच्या भीतीने खिडक्या लावून घेणारेही होते. त्या भीतीला मी नावं ठेवत नाही. घरात म्हातारं माणूस असलं की भीती वाटणारच. पण आज तुमचं जे मूल बारा-तेरा वर्षांचं आहे त्याने तेव्हा ते सारं बघितलं आहे. त्याला एकदा विचारा, त्या दिवसांतलं काय आठवतं. यरीहोची वाट त्याला मग पुस्तकातली वाटणार नाही.

आणि ही वस्ती तरी कोणाची? कोपरी कॉलनीत फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या कुटुंबांनी नव्याने संसार मांडले. ज्या सिंधी आजींकडून आपण पापड घेतो, त्यांच्या घरातल्या कोणीतरी ते सगळं सोसलेलं असेल. मुलांना त्यांच्याजवळ बसवा, ऐकू द्या. शेजारी कोण, या प्रश्नाचं उत्तर माझ्या वर्गात जेवढं मिळेल त्याहून जास्त तिथे मिळेल.

आता थोडं घरातलं बोलते, आणि स्पष्ट बोलते. धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंना आपण मावशी म्हणतो आणि त्यांचा चहाचा कप वेगळा ठेवतो. नाताळात करंज्या, कलकलं, केक यांची ताटं भरून मुलांच्या हाती शेजारी पाठवतो. जोशी, लालवानी, शेख, सगळ्यांकडे ताट जातं. वॉचमनच्या केबिनमध्ये जातं का? तो आपल्याच गेटवर रात्रभर खुर्चीत बसून असतो. मुलं हे सगळं टिपतात. त्यांनी बोलून दाखवलं नाही, तरी प्रभूचं राज्य कितव्या मजल्यापर्यंत आहे हे त्यांना त्या ताटांवरून कळतं. मग रविवारच्या एका तासात मी कितीही घसा कोरडा केला तरी उपयोग होत नाही.

मुलं कुरकुरतात तेव्हा धाक घालावा का, असंही तुम्ही विचारता. मी लक्ष्मीबाई टिळकांकडे बघते. 1895 मध्ये त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा झाला आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. लक्ष्मीबाईंचे वडील इतके सोवळे की बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुतलं जाई. पुढे त्या पतीकडे राहायला आल्या त्या आपलं सोवळं घेऊनच. टिळकांनी सक्ती केली नाही. त्यांना त्यांच्या रीतीने राहू दिलं, त्यांचं खाणंपिणं वेगळं राहू दिलं. जातिभेद माणसांनी केलेला आहे हे लक्ष्मीबाईंना त्यांच्या विचारानेच उमगलं, त्या कोणाच्याही हातचं पाणी पिऊ लागल्या, आणि बाप्तिस्मा त्यानंतरचा. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात हा सगळा प्रवास आहे, घरात ते पुस्तक नसेल तर आणा आणि मोठ्या मुलांना वाचून दाखवा. ज्या घरात विश्वासाची सक्ती नव्हती त्याच घरात तो इतका खोल रुजला. तुम्हीही वाट बघा. मुलगी एखाद्या रविवारी आली नाही तर तिच्याशी अबोला धरू नका.

मात्र वाट बघणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हे. पंडिता रमाबाईंनी आपल्या मुलीला, मनोरमाला, स्वतःच्या कामापासून दूर ठेवलं नाही. रमाबाईंनी काढलेल्या शारदा सदनातल्या विधवा मुलींमध्ये ती वाढली. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतातून उपाशी मुलींना घेऊन आल्या आणि केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. पुढे मनोरमा मुक्तीत अंध मुलींना शिकवू लागली. आईने समोर बसवून तिला करुणेचे धडे दिले म्हणून हे झालं असं मला वाटत नाही. आईच्या बाजूला उभं राहून तिने काम पाहिलं, मग केलं.

म्हणून माझं एक मागणं आहे. उपवासकाळात आपण चहा सोडतो, मटण सोडतो, वाचलेले पैसे डब्यात टाकतो आणि डबा चर्चमध्ये देऊन येतो. देत राहा. पण या वेळी त्यातला थोडा वाटा बाजूला काढा आणि मुलाला सोबत घेऊन तो ज्याला हवा आहे त्याच्या दारात जा. बिल्डिंगमध्येच कोणी एकटं आजारी असेल, मावशींच्या मुलीची वह्यापुस्तकं राहिली असतील. पैसे मुलाच्या हातून द्या, दोन घटका बसा, चहा दिला तर त्यांच्या कपातून प्या. आणि महिन्याभराने पुन्हा जा, कारण शोमरोनी परत येईन म्हणून सांगून गेला होता. जमलं तर मला येऊन सांगा, आणि नाही जमलं तरी या. काय अडलं ते आपण बसून बोलू.